संगमेश्वर तालुका तीन मतदारसंघांत का गेला, आणि ती रेघ पुसता येते का?

देवरुखच्या एका तरुण शिक्षकाचा प्रश्न थोडक्यात असा: 'आमचा संगमेश्वर तालुका विधानसभेला तीन ठिकाणी वाटला गेलाय. देवरुख चिपळूणबरोबर, साखरपा लांजा-राजापूरबरोबर आणि काही गावं रत्नागिरीबरोबर. पूर्वी संगमेश्वर नावाचा स्वतंत्र मतदारसंघ होता. ही रेघ कोणी मारली, कुठल्या कायद्याने, आणि कोर्टात जाऊन ती बदलून घेता येईल का?'

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर लोकांचे पैसे खर्च होतात. कोर्टात जाऊन ती बदलून मिळण्याची आशा जवळजवळ धरू नका. माझी नोकरी महसूल खात्यात झाली आणि त्यातली बरीच वर्षं निवडणूक शाखेत. विधानसभेची रेघ मी मारलेली नाही, ते आमच्या पातळीचं काम नव्हे. पण जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण, म्हणजे तिथले मतदारसंघ, पाडण्याचं काम दोनदा केलंय, हरकतींवर टिपण्या लिहिल्यात, सुनावणीला फायली धरून बसलोय. तिथं शिकलेली गोष्ट एवढीच की लोक एका पावसाळ्याने उशिरा येतात. आधी राजपत्र निघतं, मग गाव जागं होतं.

आता रेघ कुठून आली ते पाहू. लोक म्हणतात अमक्या पुढाऱ्याने तालुका फोडला. असेलही कुणाची इच्छा. पण या बाबतीत मला पुढाऱ्यापेक्षा भागाकार जास्त दोषी दिसतो. तुम्हीही वहीवर करून बघा.

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती आणि विधानसभेच्या जागा २८८. भागाकार केला की एका जागेला सरासरी ३ लाख ३६ हजार माणसं येतात. रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७, म्हणजे ५.०४ जागा. सिंधुदुर्ग ८,६८,८२५, म्हणजे २.५८. अर्ध्याच्या वरचा अपूर्णांक पुरा धरला की रत्नागिरीला पाच आणि सिंधुदुर्गाला तीन. आधी किती होत्या? रत्नागिरीत सात: खेड, दापोली, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, राजापूर. सिंधुदुर्गात चार: देवगड, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी. त्या अकरा जागा १९७१ च्या जनगणनेवर ठरल्या होत्या. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झाला नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. अखंड रत्नागिरी जिल्हा १९ लाख ९० हजारांच्या घरात होता, राज्य ५ कोटी ४ लाख. तोच भागाकार केला की अकरा येतात. म्हणजे १९७१ मध्येही न्याय झाला आणि २००१ मध्येही, फक्त मधल्या तीस वर्षांत आपला मुलूख मुंबई, ठाणे, विरार, पनवेलला राहायला गेला. ठाणे जिल्ह्याला, त्यात तेव्हा आजचा पालघरही होता, त्याच हिशेबाने चोवीस जागा मिळाल्या. त्या चोवीसांतल्या काही जागा आपल्याच चाकरमान्यांच्या डोक्यांवर उभ्या आहेत असं मी गमतीने म्हणतो. ऐकणारे मात्र हसत नाहीत.

तर जिल्ह्याला पाच जागा आणि तालुके नऊ. आता पाच गोधड्यांत नऊ पोरं झोपवायची. जिल्ह्याची हद्द ओलांडून विधानसभेचा मतदारसंघ करायचा नाही, हे पथ्य. उत्तरेला सावित्री, पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र. कडेच्या तालुक्यांना बाहेरून काही घेता येत नाही, ते आतल्या बाजूला सरकतात. मंडणगड आणि दापोली मिळून सव्वातीन लाख भरत नाहीत, म्हणून खेडचा तुकडा घेतला. गुहागर एकटं फार लहान, त्याने खेडचा उरलेला भाग आणि चिपळूणचा काही भाग घेतला. चिपळूण कमी पडलं, ते संगमेश्वरात शिरलं. दक्षिणेकडून राजापूर आणि लांजा वर सरकले, त्यांनाही पुरतं माप हवं होतं, त्यांनी साखरप्याची बाजू घेतली. उरलेलं रत्नागिरीच्या पदरात. खेड आणि संगमेश्वर हे दोन मतदारसंघ नकाशावरून गेले, कारण ते दोघे मधे होते. वाईट वाटण्यासारखं आहे, पण अन्याय सिद्ध करायला गेलात तर हा हिशेब आडवा येईल.

लोकसभेचं कोडंही याच भागाकाराने सुटतं. राज्यात २८८ विधानसभा आणि ४८ लोकसभा, म्हणजे एकीत सहा. आणि कायदा सांगतो की विधानसभेचा मतदारसंघ सबंधच्या सबंध एकाच लोकसभेत बसला पाहिजे, तो चिरायचा नाही. रत्नागिरीच्या पाच आणि सिंधुदुर्गाच्या तीन मिळून आठ. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या सहा जागांची रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा झाली, दापोली आणि गुहागर या दोन उरल्या. त्या सावित्रीपलीकडच्या पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड या चारांना जोडून रायगड. रायगड जिल्ह्याच्या एकूण सात, त्यातल्या पनवेल, कर्जत, उरण उरल्या. त्या बोरघाट चढून मावळ, चिंचवड, पिंपरीला जोडल्या. उरणचा कोळी आणि पिंपरीचा कारखान्यातला कामगार एकच खासदार निवडतात, याचं कारण कुणाच्या डोक्यातली कल्पना नव्हे, सहाचा पाढा आहे. बॅरिस्टर नाथ पै आणि नंतर मधु दंडवते ज्या राजापूरमधून निवडून जात, तो लोकसभा मतदारसंघही नावासकट याच वेळी संपला.

कायद्याचा सांगाडा आता. संविधानाचं कलम ८२ लोकसभेसाठी आणि कलम १७० विधानसभेसाठी सांगतं की प्रत्येक जनगणनेनंतर फेररचना करायची. ती कोणी आणि कशी करायची ते संसद कायद्याने ठरवते. असे परिसीमन कायदे, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखण्याचे कायदे, आजवर चार झाले: १९५२, १९६२, १९७२ आणि २००२. मधे खंड का पडला? आणीबाणीत, १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या आकड्यांवर गोठवल्या. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा हेतू. मग ८४ व्या दुरुस्तीने ही गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत लांबवली, पण राज्याच्या आतल्या रेघा नव्याने मारायला मोकळीक दिली. त्या १९९१ च्या आकड्यांवर मारायच्या होत्या. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने १९९१ च्या जागी २००१ आलं. म्हणून महाराष्ट्राच्या जागा २८८ च राहिल्या आणि त्यांची आतल्या आत वाटणी बदलली. या नव्या रेघांचा परिसीमन आदेश २००८ चा, आणि आपल्याकडे पहिला वापर २००९ च्या निवडणुकांत.

२००२ च्या कायद्याखालच्या परिसीमन आयोगाचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. त्यांच्या जोडीला केंद्रीय निवडणूक आयोगातले एक आयुक्त आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त. प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात. बोलू शकतात, वेगळा प्रस्ताव लिहून देऊ शकतात, तो मसुद्याबरोबर छापावाही लागतो. मत मात्र देता येत नाही आणि निर्णयावर सहीही करता येत नाही. 'पुढाऱ्याने फोडला' म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

याच कायद्याचं कलम ९ तुमच्या कामाचं आहे. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग आणि आटोपशीर असावा. नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय बघावी. 'शक्यतो' हा शब्द त्याच्या मागे-पुढे आहेच. तालुका अखंड ठेवा असं कुठंही लिहिलेलं नाही. प्रशासकीय हद्द म्हणजे तालुक्यातलं महसूल मंडळसुद्धा, तलाठ्याचा सजासुद्धा. संगमेश्वर मंडळांच्या हद्दीवर तुटला, म्हणजे कायद्याच्या भाषेत हद्द पाळलीच गेली.

पण 'दळणवळणाच्या सोयी' हे शब्द कोकणात जड आहेत, आणि आपण त्यांचा वापर फार कमी करतो. नकाशावर दाभोळ आणि धोपावे शेजारी आहेत, एक दापोलीत, एक गुहागरात. फेरीबोटीने खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात. फेरी बंद असेल तर वाशिष्ठीला वळसा घालून चिपळूणकडून या, दिवसाची वाट लागते. बाणकोटच्या खाडीवर वेसवी-बागमांडला, जयगडला तवसाळ, सगळीकडे हाच खेळ. मुंबईत किंवा दिल्लीत बसलेल्या माणसाला निळी रेघ दिसते, तिच्यावरची बोट संध्याकाळी कधी शेवटची सुटते ते दिसत नाही. हे सांगायचं काम हरकत घेणाऱ्याचं.

एक प्रसंग सांगतो. गण पाडताना आम्ही खाडीच्या दोन्ही काठांवरची गावं एका गणात घातली होती. आकडा सुंदर बसला होता, मीच खूश होतो. सुनावणीला एक म्हातारे गृहस्थ आले. भाषण नाही, घोषणा नाही. पिशवीतून तरीचं, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीचं, वेळापत्रक काढलं, पावसाळ्यात तरी किती महिने बंद असते ते ग्रामपंचायतीच्या पत्रावर आणलं होतं, आणि पलीकडच्या काठावरचं एक गाव काढून अलीकडचं कुठलं घालावं म्हणजे सरासरी बिघडत नाही तेही मांडलं होतं. पाच मिनिटांत काम झालं. त्याच दिवशी दुसऱ्या एका गावाचे पन्नास जण तीन गाड्या करून आले होते. 'आमच्यावर अन्याय झाला' यापलीकडे कागदावर काही नव्हतं. त्यांची हरकत फेटाळली गेली, आणि टिपणी मीच लिहिली होती.

आयोगाने मसुदा काढला की तो राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापावा लागतो, तारीख द्यावी लागते, हरकती घ्याव्या लागतात आणि जाहीर बैठका घ्याव्या लागतात. दार उघडं असतं ते एवढंच. अंतिम आदेश राजपत्रात आला की कलम १० लागू होतं: त्या आदेशाला कायद्याचं बळ येतं आणि कुठल्याही न्यायालयात त्याला आव्हान देता येत नाही. वर संविधानाचं कलम ३२९ आहेच. उज्जैनच्या मेघराज कोठारी यांनी आपला मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव केल्याविरुद्ध दाद मागितली होती. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दार बंद केलं. कारण व्यवहारी होतं. एकेका मतदाराला कोर्टाकोर्टांतून आदेश अडवता आला तर निवडणूक कधी होणारच नाही.

अलीकडे त्या दाराला एक फट पडली आहे. गुजरातमधल्या बारडोली मतदारसंघाच्या आरक्षणावरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की आदेश उघडउघड मनमानी आणि संविधानाच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय बघू शकतं. तुमचे वकील हाच निकाल दाखवतील. पण त्यात अर्जदाराला मतदारसंघ बदलून मिळाला नाही, हेही त्यांना विचारा. जिल्ह्याच्या पाच जागांच्या ३.३९ लाखांच्या सरासरीत बसवलेला आणि मंडळांच्या हद्दीवर तोडलेला संगमेश्वर 'उघडउघड मनमानी' आहे असं मला तरी कुठल्या न्यायाधीशासमोर म्हणता येणार नाही.

निवडणूक आयोगाकडे अर्ज करून होईल का, असंही काही जण विचारतात. छपाईची चूक दुरुस्त करणं, एखाद्या ठिकाणाचं नाव बदललं तर आदेशात ते बदलणं, एवढंच त्यांच्या हातात. हद्द हलवणं नाही. उद्या सरकारने नवीन तालुका केला, महसूल मंडळं फिरवली, तरी विधानसभेची रेघ जागची हलत नाही. मतदान केंद्र बदलणं ही तर वेगळीच गोष्ट. ते जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे होतं आणि त्याचा मतदारसंघाच्या हद्दीशी संबंध नाही. दर निवडणुकीला या दोन्हींचा घोळ करून निम्मे अर्ज आमच्या टेबलावर यायचे.

गट-गणांचं आणि नगरपालिकेच्या प्रभागांचं घर निराळं. तिथं परिसीमन आयोग नसतो. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आहे. जिल्हा परिषदेत पन्नास ते पंचाहत्तर सदस्य, आणि प्रत्येक गटाचे दोन गण. सिंधुदुर्ग पन्नासच्या तळाला टेकलेला आहे. जिल्हाधिकारी प्रारूप करतात, हरकतींवर विभागीय आयुक्त निर्णय देतात, आपल्यासाठी ते बेलापूरच्या कोकण भवनात. रचना उत्तरेकडून सुरू करून ईशान्य, पूर्व, मग पश्चिमेकडे आणि शेवट दक्षिणेला, असं सरकत जायचं. प्रगणक गट फोडायचा नाही. प्रगणक गट म्हणजे जनगणनेच्या एका प्रगणकाने मोजलेला घरांचा पट्टा. एकदा आम्ही एका वाडीचा प्रगणक गट चुकून दोन्ही गणांत धरला. बेरीज जुळेना म्हणून रात्री अकरापर्यंत बसलो आणि चूक माझ्याच हस्ताक्षरात सापडली. ते प्रारूप तसंच छापून गेलं असतं तर कुणाच्या लक्षात आलं असतं का, हा प्रश्न अजून पडतो. बहुतेक हरकतदार बेरीज करतच नाहीत.

मला विचाराल तर स्थानिक संस्थांची ही पद्धत विधानसभेच्या मानाने कमकुवत आहे. प्रारूप करणारे अधिकारी सरकारचे आणि सरकारचा त्यात जीव गुंतलेला. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. त्यावर मोठा वाद झाला. न्यायालयाचा अडसर इथंही आहे, कलम २४३-ओ आणि २४३-झेडजी वाचा. तेव्हा इथं तर हरकतीचे ते सात-आठ दिवस अधिकच मोलाचे.

आता पुढचं. २०११ च्या आकड्यांवर कुणी फेररचना केली नाही, पण केली असती तर काय झालं असतं ते मी एकदा करून पाहिलं. राज्य ११,२३,७४,३३३, सरासरी ३ लाख ९० हजार. रत्नागिरी १६,१५,०६९, म्हणजे ४.१४. सिंधुदुर्ग ८,४९,६५१, म्हणजे २.१८. पाचाचे चार, तीनाचे दोन. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत घटली आणि राज्याची वाढली. रत्नागिरीत २०११ ला दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष कुठे होते ते सांगायला नको.

२०२६ नंतरची पहिली जनगणना २०२७ ची. तिचा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवशीची माणसं धरायची तो दिवस, १ मार्च २०२७ आहे. महिलांसाठीच्या एक तृतीयांश जागाही २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने परिसीमनाच्याच गाडीला जोडल्या. २८८ हा आकडा तेव्हा राहील की वाढेल ते संसद ठरवेल. वाढला तर आपली घट दिसायला कमी दिसेल, वाटा मात्र तोच. कायदा मतदार मोजत नाही, माणसं मोजतो, तीही राहत्या ठिकाणी. गावच्या मतदार यादीत नाव ठेवून नालासोपाऱ्यात राहणारा चाकरमानी मतदानाला एसटी करून येतो, पण जागांच्या हिशेबात तो नालासोपाऱ्याचा. शिमगा त्या वर्षी मोजणीनंतर येतो, तेव्हा भरलेलं गाव प्रगणकाला दिसणार नाही. गणपतीत मोजणी ठेवली असती तर सिंधुदुर्गाला चौथी जागा मिळाली असती, असा आमच्या शाखेतला जुना विनोद आहे. खोटी नावं घाला असं मी सांगत नाही, तो गुन्हा आहे. पण जे खरंच गावात राहतात, म्हातारी माणसं, बागेतले आणि बोटीवरचे परप्रांतीय कामगार, डोंगरावरच्या धनगरवाड्या, ते सुटू नयेत एवढं बघता येतं. बोटीवरचा खलाशी आणि आंब्याच्या बागेतला गुरखा सर्रास सुटतात, हे मी पाहिलंय.

तुम्ही शिक्षक आहात, म्हणजे मोजणीला कदाचित तुम्हीच प्रगणक असाल. ते काम झालं आणि आकडे आले की एक कागद तयार ठेवा. डावीकडे संगमेश्वर तालुक्यातली महसूल मंडळं, त्यांच्यासमोर प्रत्येकाची लोकसंख्या. उजवीकडे शेजारच्या चिपळूण, रत्नागिरी, लांजा तालुक्यांतली लागून असलेली मंडळं, त्यांच्याही. मग तालुका अखंड ठेवून जिल्ह्यातले बाकीचे मतदारसंघ सरासरीच्या दहा टक्क्यांत कसे बसतात ते जुळवून बघा. बसत नसतील तर निदान तीनऐवजी दोनच तुकडे कसे होतील ते बघा. मला ते जमण्यासारखं वाटतं, पण नव्या आकड्यांशिवाय खात्री देणार नाही. प्रत्येक मंडळातून तालुक्याच्या गावी जाणारी एसटी, घाटरस्ता, पावसात बंद पडणारा पूल, हे दुसऱ्या पानावर. मसुदा छापून येईल त्या आठवड्यात हे सगळं शोधायला वेळ मिळत नाही. आणि हरकत सरपंचाच्या एकट्याच्या सहीने देऊ नका, तिन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींचे ठराव जोडा, नाहीतर समोरून चिपळूणवाल्यांची उलटी हरकत आलीच म्हणून समजा.